परतीचा माल

आषाढ वद्य एकादशीस हिंगोली तालुक्यातील नर्सी नामदेव येथे जी यात्रा भरते, तिला परतवारी म्हणतात. पंढरपूरची वारी करून परतलेले वारकरी संत नामदेवांच्या या जन्मगावी येतात, कयाधू नदीकाठच्या मंदिरात माथा टेकतात, आणि पुष्कळांच्या मनाने त्या वर्षाची वारी तेव्हाच पुरी होते. नामदेवांचा जन्म १२७० चा. घर शिंप्याचे, व्यवसाय कापडाचा. त्यांच्याविषयीच्या आख्यायिकांत एक आख्यायिका व्यापाराची आहे. वडील दामाशेटींनी त्यांना कापड विकण्यास बाजारात पाठविले, तर त्यांनी सगळे कापड रानातल्या धोंड्यांना उधारीवर देऊन टाकले आणि वसुलीची हमी म्हणून त्यांतलाच एक धोंडा जामीन धरून घरी आणला. पुढे त्या धोंड्याचे सोने झाले, हा कथेचा भक्तिमय शेवट. व्यापारी घरातील श्रोता मात्र कथेच्या मधल्या भागाशी थोडा थबकतो. माल हातातून गेला आहे, घेणाऱ्याची ओळख नाही, पैसे यायचे आहेत, आणि जामीन कोण, तर दगड. आजच्या हिंगोली जिल्ह्यात घरबसल्या ऑनलाइन बाजारावर माल विकणाऱ्याला ही अवस्था फार परकी वाटू नये.

हिंगोली जिल्हा तसा वयाने लहान आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. उत्तरेच्या सीमेवर पैनगंगा, पलीकडे विदर्भ. निजामी राजवटीत हिंगोली हे लष्करी छावणीचे गाव होते आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजा येथे असत. रेल्वे स्थानकाच्या नावात अजूनही ‘हिंगोली डेक्कन’ असा जुना शिक्का टिकून आहे. पूर्णा ते अकोला हा लोहमार्ग २००८ मध्ये रुंद झाला, तोवर येथील प्रवाशाला आणि मालाला मोठ्या रुळावर जाण्यासाठी गाडी बदलावी लागे. जिल्ह्याला मोठे कारखाने लाभले नाहीत. लाभली ती हळद.

मराठवाड्यात हळद म्हटले की आधी वसमत आणि मग हिंगोली ही नावे निघतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमत येथेच उभारले आहे. हे पीक दमाचे आहे. पावसाच्या तोंडावर लावलेली हळद जानेवारीनंतर निघते. ती उकडावी लागते, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवावी लागते, मग ढोलात घालून तिला पॉलिश करावे लागते. नऊ महिने जमिनीत आणि पुढे एक महिना अंगणात, असा तिचा प्रवास झाला की मग ती हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात येते. हंगामात येथे वाहनांच्या रांगा लागतात, आणि आपल्या मालाचा क्रमांक येईपर्यंत शेतकरी गाडीच्याच सावलीला मुक्काम करतो.

यार्डातील व्यवहार पाहण्यासारखा असतो. ढीग उघड्यावर असतो. खरेदीदार ओंजळभर कांडी उचलतो, एक कांडी मोडतो, तुटीचा आवाज ऐकतो, आतला रंग पाहतो, वास घेतो. ओलसर कांडी कट्‌कन तुटत नाही, वाकते. बंडा किती, कांडी किती, माती किती, हे त्याची बोटे काही क्षणांत सांगतात. मग बीट सुरू होते, बोली चढते, आणि भाव ठरला की माल काट्यावर जातो. जो काही वांधा काढायचा तो काट्याआधी. घेणारा म्हणतो, माल ओला आहे. देणारा म्हणतो, काल संध्याकाळपर्यंत उन्हात होता. आडत्या मध्ये पडतो. चार माणसे भोवती जमतात, आणि पाच मिनिटांत काहीतरी ठरते. ठरते ते नेहमी न्याय्यच असते असे म्हणता येणार नाही. घरी परत नेण्याचे भाडे परवडत नाही म्हणून पडत्या भावाला मान तुकवणारा शेतकरी येथेही असतो. पण वांध्याच्या वेळी माल, देणारा आणि घेणारा हे तिन्ही एकाच जागी हजर असतात. ऑनलाइन व्यवहारात नेमके हेच नसते, आणि तेथील बहुतेक भांडणे या एका गैरहजेरीतून उगवतात.

माल परत करण्याची सोय ही नव्या बाजारपेठांनी लावलेला शोध आहे, असा अनेकांचा समज असतो. व्यापारी घरांना तसे वाटण्याचे कारण नाही. मराठीत ‘जांगड’ हा शब्द जुना आहे. पसंत पडल्यास ठेवीन, नाही तर परत करीन, या बोलीवर नेलेला माल म्हणजे जांगड. लग्नसराईत दुकानातून दहा शालू घरी जात, त्यांतले दोन राहत, आठ परत येत. वहीत त्यांची नोंद विक्रीत होत नसे, जांगडीत होत असे. मुंबईच्या हिऱ्यांच्या बाजारात जांगड चिठ्ठी आजही चालते. १९३० च्या मालविक्री अधिनियमाने या रिवाजाला कायद्याची चौकट दिली. त्याच्या २४ व्या कलमाचा आशय असा, की पसंतीवर नेलेल्या मालाची मालकी नेणाऱ्याकडे केव्हा जाते, तर तो पसंती कळवील तेव्हा, किंवा ठरलेल्या मुदतीत, मुदत ठरलेली नसल्यास वाजवी काळात, नापसंती न कळवता माल ठेवून घेईल तेव्हा. मोबाइलवर आज जी ‘सात दिवसांत परत’ अशी ओळ दिसते, तिचे कूळ येथे आहे.

घरपोच माल पोचवून दारात पैसे घेण्याची पद्धतही जुनीच. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. सुरू केली. मराठी प्रकाशक, औषधी कंपन्या, पंचांगवाले यांचा कित्येक दशकांचा व्यापार व्ही. पी.वर चालला, आणि त्यांच्या जाहिरातींच्या तळाशी ‘व्ही. पी. परत करू नये’ ही विनवणी छापलेली असे. त्या विनवणीत व्यापाऱ्याचे सगळे दुखणे आले. परत आलेल्या व्ही. पी.चे जाण्याचे टपाल त्याच्या अंगावर पडे, पुस्तकाचे कोपरे दुमडत, आणि मागवणाऱ्याला कोणी काही विचारत नसे. आज यालाच ‘आरटीओ’ म्हणतात. हा शब्द ऐकून हिंगोलीतील जुन्या माणसांना गाड्यांच्या परवान्याचे कार्यालय आठवते, यात त्यांचा दोष नाही.

हिंगोलीहून वसमतकडे जाणारा एक रस्ता औंढ्यावरून जातो. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. मंदिराच्या पायथ्याचे शिल्पकाम डोळे भरून पाहावे असे आहे. नामदेवांसाठी येथील मंदिर फिरले, ही कथा येथे प्रत्येक जण सांगतो. औंढा तालुक्यातच दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल जेथे मोजली जाणार, त्याच तालुक्यातून निघालेले अर्ध्या किलोचे पार्सल मधल्या एखाद्या गोदामात चार-चार दिवस कोणाला सापडत नाही, हा काळाचा विनोद म्हणावा.

औंढा ते वसमत या वाटेवर शिरड शहापूर लागते. येथील श्री मल्लिनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्र मराठवाड्यातील श्रावकांना परिचित आहे. एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ येथे मूलनायक आहेत. मूर्ती पूर्वी नांदेडजवळच्या अर्धापूर येथे होती आणि सुमारे तीनशे वर्षांपूर्वी येथे आली, असे परंपरा सांगते. यात्रेकरू दर्शन घेतो, प्रक्षाळ-पूजन करतो, भोजनशाळेत जेवतो, आणि बाहेर येऊन पाहतो तर चोहीकडे हळदीची शेते. येथे एक मौजेची गोष्ट आहे. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरात ओली हळद शिजत नाही, वाळलेली चालते. सुंठीचा न्याय तोच. त्यामुळे ज्या जिल्ह्यातील अनेक सैतवाळ, खंडेलवाल आणि ओसवाल कुटुंबांचा संबंध हळदीच्या व्यापाराशी आला, त्यांच्या स्वयंपाकघरात ती उन्हातून तावून सुलाखून निघाल्यावरच शिरते.

वसमत हे बाजाराचे गाव. येथील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घर कल्पनेतले आहे, पण त्यातील एकही अडचण कल्पनेतली नाही. आजोबांच्या काळी आडत होती, ती मुलांच्या वाटण्यांत विरली. सून शिकलेली. तिने तीन वर्षांपूर्वी घरच्या चक्कीवर हळद दळून पाकिटे भरण्यास आरंभ केला आणि पुढे ती ऑनलाइन बाजारावर ठेवली. अन्नसुरक्षा खात्याचा चौदा अंकी क्रमांक घेतला, परराज्यात माल जाणार म्हणून जीएसटीची नोंदणी केली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला तेव्हा त्याचे प्रयोजन टपालापुरते होते. आता वसमतचा ४३१५१२ हा आकडा टाकून गुवाहाटीची गृहिणी पाहते की हळद कोठून येते आणि किती दिवसांत येते. ओट्यावर बसून सासरे, घरातले सगळे त्यांना अप्पा म्हणतात, पाकिटांवर तारखेचा शिक्का मारतात.

हिशोब असा समजावा. अर्ध्या किलोचे पाकीट १८० रुपयांना जाते. हळद, दळण, पाकीट, खोका मिळून ८५ रुपये. बाजारमंचाची दलाली आणि कुरिअर मिळून ७५. उरतात २०. जीएसटीपोटी मंच जो अर्धा टक्का कापून घेतो आणि आयकराचा जो एक दशांश टक्का कापतो, तो पुढे हिशोबात मिळतो, म्हणून तो येथे सोडून द्यावा. आता हेच पाकीट परत आले तर? विक्रीचे १८० गेले. खाण्याची वस्तू एकदा परक्या हाती जाऊन आली की ती पुन्हा विकणे योग्य नाही, म्हणून ८५ चा माल गेला. जाण्यायेण्याचे कुरिअर ११५ धरले तर तोटा २०० रुपयांचा झाला. म्हणजे एका परतीने दहा पाकिटांचा नफा खाल्ला. कापडाच्या व्यापाऱ्याचे दुःख वेगळे असते. त्याचा शालू परत आला तर घडी करून पुन्हा ठेवता येतो, मात्र लग्नात एकदा मिरवून आलेला शालू वासावरून ओळखावा लागतो.

बहुतेक मंचांवर खाद्यपदार्थ नुसती नापसंती दाखवून परत करता येत नाहीत. माल खराब, फुटका किंवा वेगळा निघाला तरच पैसे मिळतात. म्हणूनच तक्रार नेहमी या तीन शब्दांत येते. पाकीट फुटले होते. वजन कमी होते. रंग बरोबर नाही.

पहिल्या दोन तक्रारींवर उपाय आहे. ज्या घराने तो लवकर शिकला ते तरले. पाकीट बंद करताना काटा, तारखेचा शिक्का आणि पत्त्याची चिठ्ठी एकाच चित्रफितीत येतील असे चित्रण करावे. प्रत्येक दळणातील एक पाकीट न विकता कपाटात ठेवावे, म्हणजे पुढे वाद झाला तर त्याच दळणाचा नमुना हाताशी असतो. परत आलेले पार्सलही कॅमेऱ्यासमोरच फोडावे, कारण दावा करण्याची मुदत प्रत्येक मंचावर वेगळी आणि बहुधा थोड्या दिवसांची असते. ती टळली की पुरावा कितीही बोलका असो, कोणी ऐकत नाही. कुरिअरच्या वजनाचा वांधा निराळा. तेथे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असला तर भाडे त्याच्यावर लागते. खोका दोन बोटे मोठा घेतला तर आत हवा भरून तिचे भाडे द्यावे लागते. या घराने तीन महिने ते दिले.

तिसरी तक्रार जड आहे. वसमतची उत्तम हळद दळल्यावर गडद, किंचित तांबूस छटेची दिसते. बाजारात पिवळीधमक पूड पाहून सवयीचा झालेला ग्राहक ती पाहतो आणि लिहितो की हळद भेसळीची आहे. वस्तुतः डोळ्यांत भरणारा तो पिवळेपणा पुष्कळदा मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट यांसारख्या निषिद्ध द्रव्यांनी आणलेला असतो. पाण्याच्या पेल्यात चमचाभर पूड टाकून ठेवली तर शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिके पिवळे राहते. रंग मिसळलेली हळद पाण्याला गडद पिवळे करते. ही साधी परीक्षा पाकिटावर छापावी असे सुनेने ठरविले. त्याने तक्रारी थांबल्या नाहीत, काही कमी झाल्या. एक पाकीट परत येते तेव्हा खऱ्या मालाला खोटे म्हटले जाते आणि दोनशे रुपये जातात. त्या क्षणी घरातले कोणीतरी म्हणतेच, की थोडा रंग घातला तर? असा प्रश्न एखाद्या घरात एकदाही निघाला नसेल तर ते घर धन्य. या घरात तो निघाला होता, आणि अप्पांनी शिक्का खाली ठेवून उत्तर न देताच ओटा सोडला होता.

कायदा कोणाच्या बाजूने आहे, असे विचारले जाते. २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याला स्पष्ट बांधून घेतले आहे. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत वर्णिलेल्या गुणांचा नसेल, किंवा ठरल्या वेळेनंतर पोचला असेल, तर परत घेण्यास अथवा पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे. ग्राहक १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवू शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तो जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली. म्हणजे गुवाहाटीच्या गृहिणीने गुवाहाटीत तक्रार केली तर वसमतच्या विक्रेत्याने तेथे उत्तर द्यायचे. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची तरतूद आहे, एवढा दिलासा.

हे सारे उचित आहे. फसवणूक अधिक वेळा ग्राहकाची होते, आणि जो दूर बसून डोळे मिटून पैसे देतो त्याला कायद्याचा आधार हवाच. परंतु पारडे उलटे झाले, खोटी परत आली, पाकिटाऐवजी खोक्यात विटेचा तुकडा आला, तर विक्रेत्याने कोठे जावे? ग्राहक या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येतून व्यापारी प्रयोजनाने सेवा घेणारा वगळलेला आहे. उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यात सवलत आहे खरी, पण आपण त्या सवलतीत बसतो हे त्याला सिद्ध करावे लागते. उरतो तो मंचाशी झालेला लेखी करार. तो सहसा वाचलेला नसतो, आणि त्यात लवाद बहुधा दूरच्या महानगरातला असतो. दोनशे रुपयांसाठी बंगळूरला कोण जाणार? म्हणून लहान विक्रेता तोटा गिळतो. मार्केट यार्डात शेतकरी भाड्याच्या भीतीने मान तुकवतो, त्याचेच हे दुसरे रूप.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. स्वाध्यायात ते पाठ होतात, पण दुकानात बसून वाचले तर त्यांचा अर्थ निराळाच उजळतो. अचौर्य व्रताच्या अतिचारांत एक आहे हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे खोटे चालविणे. रंग घातलेली हळद त्यात येते आणि परतीच्या खोक्यातली वीटही. सत्य व्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, खोटा लेख करणे. न फुटलेले पाकीट फुटले म्हणून लिहिणारा ग्राहक आणि स्वतःच्याच मालाची स्तुती दुसऱ्याच्या नावाने लिहिणारा विक्रेता, दोघेही तेथे शेजारी बसतात. २०२० च्या नियमांनीही विक्रेत्याला अशी खोटी स्तुती मना केली आहे.

त्याच यादीत न्यासापहार आहे. ठेव बुडविणे एवढाच त्याचा अर्थ असता तर तो सोपा होता. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत तो उलगडला आहे तो फार बारीक. एखाद्याने ठेव ठेवली, संख्या विसरला, आणि परत घेताना कमी मागितली. त्यावर ठेवून घेणारा नुसते ‘बरोबर आहे’ म्हणाला, तर तो न्यासापहार. चोरी केली नाही, खोटे रचले नाही, केवळ दुसऱ्याच्या विसरण्याला होकार दिला.

वसमतच्या त्या घरात हा प्रसंग आला तो एका मार्च महिन्यात. बारा पाकिटांची एक मोठी मागणी, किंमत २,१६०. पार्सल वाटेत हरवले असे मंचाने कळविले. ग्राहकाला पैसे परत गेले. सुनेने दावा केला, चित्रफीत जोडली, बिल जोडले. आधी दावा फेटाळला गेला. तिने पुन्हा लिहिले. दोन आठवड्यांनी भरपाई मंजूर झाली आणि २,१६० रुपये खात्यात जमा झाले. घरात त्या दिवशी शिरा झाला. इतक्या चिकाटीने लढून मिळालेला तो पहिला पैसा होता.

त्यानंतर एकवीस दिवसांनी कुरिअरचा मुलगा दारात तोच खोका ठेवून गेला. खोक्याला ओरखडाही नव्हता. चिकटपट्टी जशीच्या तशी, आत बाराही पाकिटे.

‘‘अप्पा, पैसेही आले आणि मालही आला,’’ सून म्हणाली. ‘‘त्यांच्या नोंदीत तो हरवलेलाच आहे. ते कधी विचारणार नाहीत.’’

‘‘त्यांनी आपले किती दावे फेटाळले, सूनबाई?’’

‘‘या वर्षी अकरा.’’

‘‘त्यांतले खरे किती होते?’’

‘‘सगळेच खरे होते.’’

अप्पा थोडा वेळ गप्प बसले. अकरा खोट्या नकारांच्या बदल्यात एक विसरलेली रक्कम ठेवून घेतली तर जगाच्या हिशोबात ते गैर दिसत नाही, आणि पुष्कळ सज्जन माणसे ती ठेवूनही घेतील. अप्पांनी वाद घातला नाही. ते एवढेच म्हणाले, की फेटाळलेले दावे ही त्यांची वही आहे, ही आपली. मग त्यांनी विचारले, ‘‘परत कसे करायचे असतात पैसे?’’

सुनेने मदतीचे पान उघडले. पैसे कमी आले, उशिरा आले, कापले गेले, चुकीचा कर लागला, या सर्वांसाठी तेथे वेगवेगळे रकाने होते. पैसे जास्त आले यासाठी रकाना नव्हता. अखेर तिने ‘इतर’ हा पर्याय निवडला, मराठीत लिहावे की इंग्रजीत याचा विचार करून इंग्रजीत लिहिले, खोक्याचे छायाचित्र जोडले, आणि रक्कम पुढच्या देण्यातून वळती करून घ्यावी अशी विनंती केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. दाव्याची फेरतपासणी करण्याची मुदत संपली असून तक्रार बंद करण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. तिने पुन्हा लिहिले की ही भरपाईची मागणी नाही, भरपाई परत करायची आहे. त्यावरही तेच उत्तर आले, शब्दही तेच.

हळदीचे ते खोके कपाटात गेले. पाकिटे कोणाच्या हाती पडली नव्हती तरी ती विकायची नाहीत असे ठरले. घरात वापरायला वर्षभर पुरली असती. रकमेचा प्रश्न उरला. सीए म्हणाला, इतर उत्पन्नात धरा. सुनेने संगणकावर तसे धरलेही. परंतु अप्पांची एक स्वतःची लाल वही आहे. दिवाळीला ती पूजेत असते आणि एरवी गादीखाली. त्या रात्री त्यांनी ती काढली, मागची पाने उलटली, आणि वडिलांच्या हस्ताक्षरात जेथे शेवटचे जांगड खाते बंद झाले होते त्याच्या खाली नवी ओळ टाकली. तारीख, मंचाचे नाव, रुपये २,१६०. पुढचा रकाना मोकळा ठेवला.